मुराळ्याची गाडी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. पण त्या दिवसाचं सांगताना मी घेणार, कारण राग आला की 'अहो' माझ्या तोंडात टिकत नाही. तर रणजितनं नागपंचमीच्या तोंडावर आमची जीप विकली आणि ऐन पंचमीच्या सकाळी इंदापूरला दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार आणायला निघाला. मला म्हणाला, "जाताना स्कुटीवर डबलसीट जाऊ. येताना मी कार आणतो, तू स्कुटी आण."

त्या जीपमध्ये आमचं अख्खं घर बसायचं. पेंडीची पोती बसायची. सासूबाईंना दवाखान्यात आडवं नेता यायचं. आणि आता हा ऊसवाला माणूस, टक्कल पडायला लागलेला, आमच्या पिंपळी गावाच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार फिरवणार. मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नव्हते.

कारण मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. कारण म्हणजे माझी नणंद राजेश्वरी, आमची राजी. तिला सणसरला दिलीय. पंचमीला भावानं मुराळी होऊन जायचं आणि बहिणीला माहेरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. रणजित दरवर्षी जीप घेऊन जायचा आणि दरवर्षी मागच्या सीटवर राजीची सासू शकुबाई चढून बसायची. "जागा हाय की," एवढंच म्हणायची. कधी शकुबाई नसली तर राजीचा नवरा युवराज बसायचा. आमच्या भागात गाडीत जागा असताना माणसाला नको म्हणता येत नाही. रस्त्यात अनोळखी म्हाताऱ्यानं हात केला तरी थांबावं लागतं, ही तर सोयरी माणसं.

शकुबाई आली की माझ्या सासूबाईंसमोर राजीला खेटून बसायची, पुरणाची दिंडं चापायची आणि दिवस मावळायच्या आत सुनेला घेऊन परत जायची. राजीच्या लग्नाला दहा वर्षं झाली, पण ती आईपाशी एकटी तासभर बसलेली नाही. फोन केला तर तो स्पीकरवर असतो. मागं शकुबाईचा खोकला ऐकू येतो. मोटरसायकलवर आणायला गेलं तर म्हणते, "आमची सून फटफटीवर जाणार न्हाय, चारचाकी आणा." आणि जावयानं आपल्या गाडीनं मागं येणं म्हणजे मान जाणं. त्याला आमच्याच गाडीत यायचं असतं.

माझ्या सासूबाई, दगडाबाई, वर्षभर खाटेला खिळल्यात. त्यांचं एकच टुमणं, "माज्या पोरीला कायतरी सांगायचं हाय रं. तिच्या डोळ्यात दिसतं. एकदा तिला एकटी आण."

म्हणून दोन सीटची गाडी. एक सीट मुराळ्याची, एक बहिणीची. ही युक्ती सुचली तेव्हा रणजित स्वतःवरच इतका खूश झाला की त्याला झोप येईना. मी म्हणाले, "माझी सीट कुठंय?" बहिणीसाठी हा माणूस काहीही करतो. लग्नाआधी तिला ट्रॅक्टर शिकवला, उसाच्या ट्रॉलीसकट. मला स्टेअरिंगला कधी हात लावू दिला नाही. नणंदेचा मला राग होता, खोटं कशाला बोलू.

इंदापूरला गाडीचा मालक आबाजी पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर बसला होता. पोरानं हौसेनं घेतलेली गाडी, पोरगा नोकरीला लांब गेला आणि गाडी बापाच्या गळ्यात पडली. मूळची लाल, उन्हानं गुलाबी झालेली. अंग फायबरचं, बॉनेटला तडा गेलेला. वरचं छत ताडपत्रीसारखं, त्यातली मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली.

"कशाला घेताय?" आबाजीनं विचारलं. विकणाऱ्यानं विचारावा असा हा प्रश्न नव्हे.

"फिरवायला," रणजित म्हणाला.

"फिरत न्हाय. पोट टेकतं. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर चढंना तिला. पार्ट पायजे तर पुण्यात शोधत फिरायचं. ना पोतं बसत हिच्यात, ना म्हातारी."

"तिसरं माणूस बसतं का?"

"तिसरं? अवो, दुसरं बसतानाच गुडघं छातीला लागत्यात!"

रणजितचा चेहरा असा फुलला की आबाजी त्याच्याकडं संशयानं बघायला लागला. लोक जुनी गाडी घेताना इंजिन बघतात, टायर बघतात, तेल गळतंय का ते वाकून बघतात. हा सीटच्या पाठीमागं कोपरापर्यंत हात घालून चाचपत होता, एखादं माणूस तिथं मावेल का म्हणून. मावत नव्हतं. बॉनेटचा तडा मी दाखवला तर म्हणाला, "असू दे."

"कागद सरळ हायत," आबाजी म्हणाला. "पर एकदा दारातनं गेली की परत आणायची न्हाय. आणली तर धोंडा घालीन काचंवर."

"आम्हालाही तुमच्या दारात परत यायची हौस नाही," मी म्हणाले.

"बाईला लई तोंड हाय," तो रणजितला म्हणाला. रणजित सह्या करण्यात गुंग होता. बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही.

परतीच्या वाटेवर मी स्कुटीवर मागं होते. सायलेन्सरचा आवाज असा की उसातले बगळे उडत होते. पण प्रत्येक स्पीडब्रेकरला तो गाडी तिरपी करून, एकेक चाक जपून चढवायचा आणि मी शेजारून सरळ पुढं निघून जायचे. मागं वळून बघायचेही. तेवढंच माझं सुख.

वाटेत सणसरला शकुबाई नवं लुगडं नेसून, पिशवी काखेत मारून पायरीवर तयार बसली होती. शेजारी युवराज, कडक इस्त्रीत. गाडी दारात थांबली तशी गल्ली गोळा झाली.

"जीप कुटंय?" शकुबाईनं विचारलं.

"विकली, मावशी."

"आन् ही?"

"आजच घेतली. पयल्यांदा तुमच्याच दारात आणलीय."

शकुबाईचं तोंड कडू झालं. पण दारात आलेली गाडी तशीच कशी उभी ठेवायची? चार लोक नावं ठेवतील. तिनं राजीला हाक मारली. राजी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. काठापदराची साडी, हातावर मेंदी, आणि चेहऱ्यावर मात्र पंचमीचं काही नाही. भावाकडं बघून हसली, तेही अर्धंच. रणजितनं रीतीप्रमाणं गाडीची चावी ताटात ठेवली. शकुबाईनं चावीला कुंकू लावलं, बॉनेटवर तड्याशेजारीच स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. ताट राजीच्या हातातच राहिलं.

मग शकुबाईनं गाडीचं दार उघडलं. "मी म्होरं बसते. राजेश्वरी बसंल मागं."

"मागं काय न्हाय, मावशी."

शकुबाईनं वाकून आत बघितलं. नीट बघितलं. युवराजनंही बघितलं.

"बसू की दाटीवाटीनं," युवराज म्हणाला.

रणजित याच क्षणाची वाट बघत होता. छाती काढून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "न्हाय जमायचं, दाजी. दोन सीट म्हंजी दोन माणसं. आरसीवर तसं लिवलंय. तिसरं माणूस बसलं की पोलीस गाडी आत घेत्यात. लहान न्हाय, मोटं न्हाय, माणूस म्हंजी माणूस."

शकुबाईच्या काखेतली पिशवी खाली आली. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. जीप गेल्याचं दुःख घटकाभर विसरले.

तेवढ्यात घरातून श्रेया धावत आली. राजीची मुलगी, आठ वर्षांची. नवा फ्रॉक, पाठीला दप्तर, दप्तरात कपडे कोंबलेले. "मामा, मी खिडकीत बसणार!"

रणजितचं तोंड उघडंच राहिलं. तो श्रेयाला विसरला होता. जीपमध्ये ती कुठंतरी बसायचीच, तिला कुणी मोजत नव्हतं. सासूला कसं टाळायचं, जावयाला कसं टाळायचं, याचा आठवडाभर विचार केला आणि भाचीला जागा ठेवायची राहून गेली. हात घालून चाचपलं ते शत्रूसाठी. मीही विसरले होते, आणि मी तर भाचीचे लाड करते म्हणून सगळीकडं मिरवत असते.

शकुबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "तिसरं माणूस झालं की हे, रणजितराव."

"पोरगी मांडीवर..."

"लहान न्हाय, मोटं न्हाय. तुमीच म्हणला. का एवढ्या माणसांत शब्द फिरवताय?"

"मी नेते तिला स्कुटीवर," मी मध्ये पडले. "गाडीच्या मागोमागच येऊ."

"आमची नात फटफटीवर? ट्रकांच्या रस्त्यानं?" शकुबाईनं मला झटकून टाकलं.

युवराजनं श्रेयाच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं. "तू जा की माहेरी," तो राजीला गोड आवाजात म्हणाला. "पोरगी ऱ्हाईल हितं. रडाय लागली तर फोन करू. मग काय, तुला यावंच लागंल."

आम्ही त्यांची मान पकडायला गेलो आणि त्यांच्याच हातात राजीची मान देऊन बसलो. रणजितचे कान लाल झाले होते. एक पाऊल मागं घेतलं असतं, चुकलं म्हटलं असतं, तर पोरगी मांडीवर बसली असती. पण मग शकुबाईही दाटीवाटीनं चढून बसली असती. आणि एवढ्या गल्लीसमोर शब्द मागं घेणं त्याच्या हाडात नाही. मला त्याचा इतका राग आला की त्या गाडीसकट त्याला कॅनॉलमध्ये ढकलावंसं वाटलं.

राजीनं भावाकडं बघितलं. मला वाटलं, आता रडणार. तिनं ताट पायरीवर ठेवलं, त्यातली चावी उचलली, नवऱ्याच्या हातातून दप्तर ओढून घेतलं.

"श्रेया, बस त्या बाजूला."

पोरगी पळत जाऊन बसली. राजी गाडीला वळसा घालून आली, पदर खोचला आणि स्टेअरिंगसमोर बसली.

"राजे, काय करतीस?" रणजित म्हणाला.

"दोन सीट हायत ना, दादा? दोन माणसं बसली."

"आन् मी?"

"तू तिसरं माणूस."

"उतर खाली!" युवराज ओरडला. "तुला कुटं येती चालवायला?"

"ट्रॅक्टर येतो. दहा वर्सांत तुमी कदी इचारलं न्हाय."

युवराज गाडीसमोर आडवा झाला. राजीनं गाडी चालू केली, रेस दिली. तो सायलेन्सर असा गरजला की कडक इस्त्रीतला माणूस टुणकन बाजूला झाला. पहिला गिअर खरडला, दुसरा नीट पडला. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. तो तिनं न थांबता, तिरपी मारून असा काढला, जसा रणजितला इंदापूरपासून एकदाही जमला नव्हता.

धूळ बसली. दारात शकुबाई, युवराज, फुटलेला नारळ आणि आम्ही दोघं. कुणी कुणाला चहा विचारेना. मग शकुबाईची नजर हळूहळू वळली आणि माझ्या स्कुटीच्या मागच्या सीटवर येऊन थांबली. मघाशी ती फटफटी होती. आता तिनं पिशवी पुन्हा काखेत मारली.

"अहो!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की रणजित दचकला. "बसा मागं! लवकर!"

तो बसला. शकुबाई दोन पावलांवर होती.

पिंपळीला पोचलो तेव्हा गाडी दारात होती, बॉनेट अजून गरम. श्रेया ओट्यावर बसून लाह्या खात होती. सासूबाईंच्या खोलीचं दार आतून बंद. रणजितनं कडी वाजवायला हात उचलला. मी तो धरला.

"मी आणली तिला," तो म्हणाला.

"तुम्ही नाही आणली. ती आली."

तो ओट्यावर बसून राहिला. आतून राजीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती हळू बोलत नव्हती. मध्येच सासूबाई रडल्या, मग राजी रडली, मग पुन्हा राजीच बोलत राहिली. सणसरहून फोन येत होता. रणजित उचलत नव्हता, तेवढी अक्कल त्याला आली होती.

दिवस मावळायला आला तेव्हा दार उघडलं. राजीचे डोळे सुजले होते. बाहेर आली, पदराच्या टोकात चावी ठेवून तिला गाठ मारली. रणजितनं हात पुढं केला.

"दे चावी."

"कशाला?"

"माजी गाडी हाय ती, राजे."

"मला आणाय घेतलीस ना? मग ऱ्हाऊ दे माज्यापशी. आईला सगळं सांगितलंय, तुमालाबी सांगते. पर तितं परत जायाचं का न्हाय, आन् कदी, ते मी ठरवणार. हितंबी मला कुणी नेऊन घालायचं न्हाय."

रणजितचा हात तसाच पुढं राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून.

"जीप गेली, ही पण गेली," मी म्हणाले. "आता बाजाराला माझ्या मागं बसून यायचं."

मी सगळ्यांना वाढायला आत गेले. दरवर्षी राजीच्या ताटात तूप सोडताना माझा हात आखडायचा. त्या दिवशी तिच्या दिंडांवर मी अख्खी वाटी ओतली.