ऐकू येतंय का?

डोहाळजेवणासाठी सासरच्या गावी, मांजरीला, हॉल ठरला होता, हिरव्या बांगड्यांसाठी कासाराला सांगून ठेवलं होतं, आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती पाहुणी यजमानांच्याही आधी येऊन हजर झाली. चांगली दोन महिने लवकर. आता ती सदाशिव पेठेतल्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत झोपली होती आणि पेटीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बेबी ऑफ अपेक्षा'.

अपेक्षा रोज ती चिठ्ठी वाचायची. ही माझी आहे हे चिठ्ठीला माहीत आहे, सिस्टरांना माहीत आहे, खालच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे. पण हिला माहीत आहे का?

प्रश्न पडला की त्याचा पिच्छा सोडायचा नाही, ही तिची यवतमाळपासूनची खोड. पुण्यात येऊन त्याच खोडीवर नोकरी मिळाली होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे बोट लावू नये तिथे मुद्दाम लावायचं आणि काय होतं ते बघायचं. म्हणून राउंडला आलेल्या डॉ. आपट्यांना तिने सरळ विचारलं, "डॉक्टर, ही मला ओळखत असेल का?"

डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली नाही. "तिलाच विचारा. वर्ष-दीड वर्षात सांगेल." मग जरा थांबून म्हणाले, "सध्या तिला एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे, श्वास घ्यायची. तीच विसरतेय. ते विसरणं थांबू दे, मग घरी नेऊन ओळखपरेड करा."

विसरायची खरी. वेळेआधी आलेली बाळं विसरतात म्हणे. इवलीशी छाती हलता हलता थांबायची, पडद्यावरचा आकडा घसरायला लागायचा, यंत्र टिंग टिंग करायचं. मग सिस्टर दीपमाला हातातलं काम टाकून यायच्या आणि तळपायाला बोटाने टिचकी मारायच्या. "ए बाई, झोपा काढतेस होय?" बाई कपाळाला आठी घालून श्वास घ्यायच्या. आकडा पुन्हा वर.

अपेक्षाला हायसं वाटायचं आणि त्याच्या मागोमाग थोडं टोचायचंही. टिचकीला ओ देते. मला कधी देणार?

तिने परीक्षा घेऊन पाहिल्या. रात्रभर स्वतःच्या अंगाशी धरून आपला वास लावलेला मलमलीचा तुकडा बाळाच्या गालाशी सरकवला. ढिम्म. बोट तळहातात दिलं. मूठ वळली, पण ती सिस्टरांच्या बोटाभोवतीही तशीच वळायची. आणि बोलणं तर रोज चाललेलंच होतं. दारावर पाटी होती, 'हळू बोला. बाळांना ऐकू येते.' पाटी तिने अशी मनावर घेतली होती की पहिल्या दिवसापासून तिच्या तोंडून नुसती कुजबुजच निघत होती. कानापाशी ओठ नेऊन, श्वासातल्या श्वासात, "सोन्या, मी आई गं." पायाला बांधलेल्या पट्टीतल्या लाल दिव्याने ते पाऊल डाळिंबाच्या दाण्यासारखं आतून उजळलेलं असायचं. ते बघताना ती सगळं विसरायची. पण आठी नाही, पापणी नाही, काही नाही.

बाहेर बाकावर सासूबाई, मथुराबाई, ठाण मांडून असायच्या. आत फक्त आई-बापाला सोडायचे, त्यामुळे मांजरीहून डबा घेऊन यायचं आणि काचेतून बघायचं एवढंच त्यांच्या हाती. आवाज मात्र खणखणीत. उसाच्या फडातून घरच्यांना हाक मारलेला.

"काय म्हनती माझी मुक्ताई?" नाव त्यांनी परस्पर ठेवून टाकलं होतं.

"झोपलीय, आई."

"तुला वळखती का न्हाई?"

नेमकं तेच. अपेक्षाने डबा घ्यायला हात पुढे केले.

मथुराबाईंची नजर तिच्या मोकळ्या मनगटांवर गेली. आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, बांगडी-अंगठी काही घालायचं नाही. "कशी वळखंल? चुडा भराय आधीच आली. हिरव्या बांगड्यांचा आवाज न्हाई, गाणं न्हाई. पोटात तिनं ऐकलं काय? तर तुझं हाफिस!"

शेजारी उभा असलेला अपेक्षाचा नवरा साईनाथ म्हणाला, "अगं आई, टोमणा आत घेऊन जाता येत नाही. इथेच ठेव."

"टोमना न्हाई रं, खरं तेच बोलती."

अपेक्षाला मात्र तो टोमणा लागण्याऐवजी त्याचं कुतूहल वाटलं. खरंच, हिने ऐकलं काय? डोळ्यांसमोर ऑफिसातली ती खोली आली. टेबलाच्या मधोमध स्पीकरवाला फोन, पलीकडे अमेरिका, आणि लाइन अशी की अर्धं वाक्य समुद्रात पडायचं. रोज संध्याकाळी पोट टेबलाला टेकवून, फोनवर वाकून तिने जे सगळ्यात जास्त वेळा म्हटलं असेल...

ती स्वतःशीच हसली. छे, काहीतरीच.

दुपारी कांगारूचा तास असायचा. बाळाला पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचे आणि वरून दुपटं पांघरायचे. त्या दिवशीही मुक्ताई तिच्या गळ्याखाली बेडकुळीसारखी पसरली होती. दीपमाला सिस्टर समोरच्या पेटीत दोन्ही हात घालून दुसऱ्या बाळाची नळी बसवत होत्या.

आणि छातीवरची ती बारीक हालचाल थांबली.

अपेक्षाला आधी ते कातडीने कळलं, यंत्राला नंतर. आकडा घसरला. टिंग टिंग.

"आले, आले! टिचकी मारा तोवर," सिस्टर ओरडल्या.

पाऊल दुपट्यात कुठे गुरफटलं होतं कोण जाणे. हाताला लागेना. "सोन्या, श्वास घे गं," ती कुजबुजली. काही नाही. "माय वं!" आणि पुढच्या क्षणी तिच्या तोंडून, कुजबूज नाही, तिचा पुरा आवाज, खराब लाइनवरचा, स्वच्छ आणि ठाम, निघून गेला:

"हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का? कॅन यू हिअर मी?"

छातीवर टेकलेल्या कपाळाला आठी पडली. खरंच पडली, तिला ती कातडीवर जाणवली. मग एक हुंदक्यासारखा श्वास, मग दुसरा.

सिस्टर बोट पुढे करून धावत आल्या आणि तशाच थबकल्या. "काय केलंत?"

"फोन," अपेक्षा म्हणाली. "उचलला तिने."

डॉ. आपट्यांनी ऐकून घेतलं. "योगायोग."

"असेल. आमच्या ऑफिसातही एकदाच झालेलं कोणी मानत नाही, परत करून दाखवावं लागतं."

"दाखवा. पण टिचकीला सुट्टी देऊ नका."

तिने दिली नाही. पुढे दोनदा टिचकीच कामी आली, फोन कोणी उचलला नाही. पण एरवी, बाळ शांत जागं असताना, ती रोज बघत राहिली. कुजबुजलं तर काही नाही. तेच साध्या आवाजात म्हटलं की भुवई हलायची. सिस्टरांनी तेच शब्द म्हणून पाहिले, भुवई जागच्या जागी. साईनाथने तर अमेरिकन उच्चारांसकट म्हटलं. मुक्ताईने जांभई दिली.

"बरोबर आहे," तो म्हणाला, "तुझ्या मीटिंगमध्येही माझं कोणी ऐकत नसणार."

मग हळूहळू विसरणं कमी होत गेलं आणि एके दिवशी थांबलं. पेटी सुटली. मुक्ताई बाहेरच्या खोलीत आली, टोपड्या-मोज्यांत बुडालेली, आणि मथुराबाईंनी कोपरापर्यंत हात धुऊन तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. डोळे पुसले. मग सुनेने सांगितलेलं सगळं आठवून, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "हालो! ऐकाया येतंय का? मांजरीवरनं आज्जी बोलतीया."

मुक्ताई शिंकली.

"लागंना गं लाइन," मथुराबाई हिरमुसल्या. "मला विंग्रजी येत न्हाई, म्हनून."

अपेक्षा दाराशी थर्मास उघडत होती. तिचं लक्षही नव्हतं. "आई, चहा घेता ना थोडा?" तिने नेहमीच्या आवाजात विचारलं.

आजीच्या मांडीवर ते टोपडं हललं. आधी भुवई, मग हनुवटी, आणि मग अख्खं तोंड, मोठ्या कष्टाने, दाराच्या दिशेने वळलं.