नाव नसलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. भट्टीतून कधी बाहेर पडले ते आठवत नाही. आठवतात ते मंदाकिनीबाईंचे हात. त्यांनी मला ठाण्याच्या बाजारातून पदरात गुंडाळून आणलं. वीस वर्षं मी त्यांचं लिंबाचं लोणचं सांभाळलं. पुढे ब्लडप्रेशरमुळे लोणचं बंद झालं आणि मी रिकामी राहिले.

मग त्यांच्या मुलाला, सलिलला, नवा नाद लागला. जेवणाआधी भूक चाळवणारी कडू पेयं तो घरीच बनवू लागला. त्याने माझ्यात जिन ओतली; काडेचिराईत, गवती चहा आणि संत्र्याची साल घातली. दहा दिवसांत रंग गडद तपकिरी झाला. शनिवारी मित्र यायचे. "सल्या, बारमध्ये पण असं मिळत नाही रे!" ते ऐकून मीसुद्धा सुखावायचे.

त्याची बायको मैथिली म्हणाली, "अरे, हिच्यावर नाव तरी लिही. आईंचा काढा पण अशाच बरणीत असतो."

"घरात तिघंच तर आहोत गं. लिहितो."

त्याने लिहिलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी बाईंना कणकण होती, सर्दीने नाक बंद होतं. सलिल आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करत होता. काढ्याची बरणी समजून बाईंनी मला उघडलं, कपभर ओतून घेतलं आणि तोंड वाकडं करत नेटाने संपवलं. मला ओरडता येत नाही. थोड्या वेळाने बाथरूमच्या दाराशी त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

सलिलने ओट्यावरचा कप हुंगला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने मला बेसिनमध्ये रिकामं केलं आणि साबणाने घासलं.

ऑपरेशननंतर बाई घरी आल्या, पण पुन्हा उठल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांना सांगायच्या, "काढा फार कडक झाला. माझंच चुकलं." एकदा सलिलचा हात धरून म्हणाल्या, "तुला उगाच त्रास दिला रे बाळा."

त्याने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तो एवढंच म्हणाला, "आई, पड तू जरा."

दिवाळीआधी त्या गेल्या. आता शनिवारी कोणी येत नाही. मैथिलीला अजून काही माहीत नाही. मी माळ्यावर पडून असते. परवा सलिल शिडी लावून वर आला. मला हातात घेऊन हळूच म्हणाला, "आई, तुझं काही चुकलं नव्हतं गं."

मित्रांनो, बरणीवर नाव जरूर लिहा. आणि तरीही चूक झालीच, तर ज्याचं नुकसान झालं त्याला सांगा, तो ऐकतो आहे तोवर. मला सांगून काय उपयोग?