सालेपुआच्या थांब्यावरची प्रार्थना

वाइमालू या सामोअन गावात रेंज होती, पण संध्याकाळी ती कुणालाच पुरत नसे. डोंगरमाथ्यावर एकच टॉवर आणि खाली पाच गावं. दिवसभर सगळं सुरळीत चाले. ऊन उतरलं की पाचही गावं एकदम ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनला फोन लावत आणि टॉवर मान टाकी. आवाज कसाबसा जाई, चित्र मात्र अडके.

लुपेला चित्रच हवं होतं. ती गावप्रमुख लेफाओंची बायको. तिची मुलगी रूता ऑकलंडच्या एका इस्पितळात रात्रपाळी करते. रूताचा मुलगा सेमिसी सात वर्षांचा. गेल्या ऑक्टोबरात तो सुट्टीला आला होता. पांढऱ्या रविवारी गावातली पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेली वचनं म्हणतात, तसा तोही उभा राहिला. दोन शब्द सामोअन बोलला आणि बाकीचं इंग्रजीत म्हणून मोकळा झाला. मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. ‘गोरा साहेब’ असंही कुणीतरी म्हणालं. विमानतळावर सेमिसीने आजीला सांगून टाकलं, "मी आता नाही येणार."

तो यंदा येणार आणि बोलणार, असं लुपेने ठरवलं होतं. पण ओठ कुठे मिटायचे, श्वास कुठे घ्यायचा हे समोर बसून दाखवावं लागतं. रूता कामावर निघण्याआधी आणि सेमिसी झोपण्याआधी दोघं घरी सापडत ती वेळ एकच होती, संध्याकाळच्या प्रार्थनेची. नेमकी तेव्हाच पाच गावं टॉवरला लोंबकळत असत. लुपे एक ओळ म्हणे आणि पलीकडे सेमिसीचा चेहरा अर्ध्या अक्षरावर थिजून राही.

म्हणून कंपनीची इंजिनिअर पिसाइना राजधानी आपियाहून आली, तेव्हा तिला पहिला कोको लुपेच्या घरी मिळाला. पिसाइना तिच्या लांबच्या बहिणीची मुलगी. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवर पावाच्या लादीएवढे डबे लावायचे, अशी तिची योजना होती. एका डब्याची ताकद थोडी आणि पल्ला हाकेच्या अंतराचा. पण त्या पल्ल्यातल्या लोकांना तो डबा पुरा मिळणार. फक्त खांब गावाच्या जागेत असल्याने गावसभेची परवानगी हवी होती.

"तुझ्या काकांना सांगते मी," लुपे म्हणाली. "ते मान हलवतील. पण बोलेल तालोसागा. त्याच्यासमोर जपून शब्द वापर."

तालोसागा गावाचा वक्ता. गावप्रमुख सहसा बोलत नाहीत, त्यांच्या वतीने तो बोलतो. त्याने उच्चारलेलं वाक्य मागे घेतल्याचं वाइमालूत कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सभेत सगळे मताई, म्हणजे घराण्यांचे प्रमुख, सभाघराच्या आपापल्या खांबाला पाठ टेकून बसले होते. पिसाइनाने नकाशे उघडले, कुणी पाहत नाही हे पाहिलं आणि गुंडाळून ठेवले.

"जमिनीतल्या एकाच मोठ्या उमूत पाच गावांचं जेवण शिजवलं," ती म्हणाली, "तर कुणाचा तारोचा कंद कच्चा राहणार आणि कुणाला मिळणारच नाही. आपण प्रत्येक गावाला आपापल्या छोट्या उमू देऊ."

मताईंनी माना डोलावल्या. तालोसागाने खांद्यावरची चवरी एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकली.

"म्हणजे ही उमू आमची?"

"तुमच्या गावापुरती, हो."

"डोंगरावरचा टॉवर पाच गावांचा. तो बंद ठेवा असं आम्ही कधी म्हटलं नाही, कारण दुसऱ्याच्या ताटावर हात ठेवायची आमची रीत नाही. पण उमू आमची असेल, तर तिच्यावर पानं कधी झाकायची हेही आम्हीच ठरवणार. शंख वाजला, संध्याकाळच्या प्रार्थनेची सा सुरू झाली, की रस्त्यावर माणूस फिरत नाही, पोर ओरडत नाही. मग फोनने का बोलावं? सा संपेपर्यंत डबे झाकलेले राहतील."

पिसाइनाने याचा विचार केला नव्हता. तिने आता भराभर केला. डबे झोपवता येतात. ते झोपले की फोन आपोआप डोंगरावरच्या टॉवरला चिकटतील. कुणाला छातीत कळ आली तर दवाखान्याला फोन लागेल. कुणाचं नुकसान नाही. ती "चालेल" म्हणाली. लेफाओंनी मान हलवली, आवा या पेयाची वाटी फिरली आणि विषय संपला.

डबे लागले. एक चर्चजवळ, एक दुकानाजवळ, एक क्रिकेटच्या मैदानापाशी. पहिल्या दुपारी लुपेने ब्रिस्बेनच्या बहिणीच्या तोंडातला नवा दात मोजला, इतकं चित्र स्वच्छ होतं. संध्याकाळी तिने घराला भिंतींऐवजी टांगलेल्या चटया खाली सोडल्या, फोन भांड्याला टेकवून ठेवला आणि ऑकलंड लावलं. सेमिसी दिसला. केस ओले, कॉलरचं बटण लावलेलं.

मग शंख वाजला. सेमिसी उघड्या तोंडाने थिजला.

लुपेने प्रार्थना संपेपर्यंत कळ काढली. नवऱ्यासमोर ताट ठेवलं, पंख्याने माश्या हाकलल्या आणि मग तोंड उघडलं.

"अहो, डबे माझ्यासाठी मागवले होते."

"गावासाठी मागवले होते."

"ज्या वेळी मला लागतात, नेमके तेव्हाच झोपतात."

"गावाने शब्द दिलाय."

"शब्द तालोसागाने दिला. तुम्ही नुसती मान हलवलीत."

"माझी मान म्हणजेच गावाचा शब्द," लेफाओ म्हणाले. "आता ती उलटी हलवली, तर उद्या डुकरं कुंपणाबाहेर सोडू नका म्हटल्यावर कोण ऐकेल?"

"डुकरं आत्ताही बाहेरच आहेत."

लेफाओंनी तारो चावायला घेतला. तो त्यांनी बराच वेळ चावला.

दुसऱ्या दिवशी लुपेने पिसाइनाला फोन केला. एकच डबा, चर्चजवळचा, गुपचूप चालू ठेवता येईल का?

"मावशी, मी सभेत बसून हो म्हटलंय," पिसाइना म्हणाली. "एका गावाला फसवलं, तर दुसरं गाव मला खांबाला हात लावू देणार नाही."

"बरं. राहू दे."

"ऐका तर. मी तुम्हाला काहीच सांगत नाहीये. पण पुलापलीकडे सालेपुआच्या शेवटच्या खांबावर आमचा डबा आहे, आणि तिथल्या सभेने कसलीही अट घातलेली नाही. तुमचे डबे जागे असले की दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून गडबड होते. तुमचे झोपले की त्याचा एकट्याचाच आवाज राहतो. मग तो पुलापर्यंत चांगला ऐकू येतो."

"म्हणजे बसथांब्यापर्यंत?"

"मी काही सांगितलं का मावशी?"

सालेपुआशी वाइमालूचं वैर नव्हतं. क्रिकेट सोडलं, तर बोलणंही नव्हतं. शंख वाजायच्या बऱ्याच आधी लुपे चटई, बायबल आणि पंखा घेऊन पूल ओलांडून गेली आणि सालेपुआच्या निळ्या बसथांब्यात मांडी घालून बसली. मागे वाइमालूचा शंख वाजला. पुढे सालेपुआचाही वाजला. फोन चालूच राहिला.

"आजी, तू कुठे आहेस?" सेमिसीने विचारलं.

"बसची वाट बघतेय. श्वास घे आणि म्हण."

तो एक ओळ म्हणाला. चुकीची, पण पूर्ण.

पुलाच्या अलीकडे वाइमालूची तरुण पोरं पहाऱ्याला उभी होती. सा चालू असताना कुणी हिंडताना दिसला, की दंड. प्रमुखांची बायको त्यांना स्पष्ट दिसत होती. पण ती हिंडत नव्हती, प्रार्थना करत होती, आणि बसली होती दुसऱ्याच्या हद्दीत. पोरांनी आभाळाकडे बघायचं ठरवलं.

त्या आठवड्याच्या मध्यापर्यंत थांब्यात चार बायका झाल्या. शुक्रवारी पास्टरांची बायको आली, तेव्हा इतरांनी सरकून तिला खांबाजवळची जागा दिली. प्रत्येकीची नातवंडं ऑकलंडला नाहीतर सिडनीला, आणि प्रत्येकीला पांढरा रविवार गाठायचा होता. सगळ्या एकदम शिकवत. एकीचं वचन दुसरीच्या फोनमधून पलीकडे ऐकू जाई. सालेपुआच्या बायका मागून कोकोची किटली पाठवत.

इकडे वाइमालूत पुरुष एकटे पडले. स्तोत्राची पट्टी बायकाच धरतात. त्या नसल्यावर लेफाओ फार खाली लागले, शेजारचा फार वर लागला आणि तालोसागाच्या घरून जे आलं त्याला कुणी पट्टी म्हटलं नाही. घरांना भिंती नसल्याने सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलं. जेवणंही उशिरा होऊ लागली.

"तुझं हे अजून किती दिवस?" लेफाओंनी विचारलं.

"सेमिसीला वचन येईपर्यंत."

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे?"

"म्हणतात, तुम्ही गाता वाईट."

शनिवारी सालेपुआची माणसं पूल ओलांडून आली. भाजलेलं डुक्कर, तारोच्या टोपल्या आणि त्यांच्या प्रमुखांचा निरोप, तोही भर मैदानात मोठ्याने. "वाइमालूच्या आयाबहिणी आमच्या थांब्यावर प्रार्थना करतात, हा आमचा मान. आमच्या थांब्याला एवढं पुण्य कधी लागलं नव्हतं. पावसात त्यांची गैरसोय नको, म्हणून आम्ही छप्पर वाढवत आहोत."

निरोपात एकही शब्द वावगा नव्हता. म्हणूनच लेफाओंचे कान लाल झाले. आहेर घ्यावा लागला, आणि आज ना उद्या याहून मोठा परत करावा लागणार होता. त्यांनी सोमवारी गावसभा बोलावली.

सभा भरली. सगळे तालोसागाकडे बघत होते आणि तो छपराकडे. त्याने डबे झाकायला लावले होते. आता उघडा म्हटलं, तर जीभ गेली. नाही म्हटलं, तर बायका गेल्या. शेवटी तो काठीचा आधार घेऊन उठला.

"सा म्हणजे काय?" त्याने विचारलं. "वाइमालूची सगळी घरं एका वेळी गप्प बसतात, ती सा. आम्ही म्हटलं, शंख वाजला की डबे झाका. ते बरोबरच होतं. गावात शांतता हवी. पण मी मोजायला बसलो. गावात घरं किती? पुलाच्या अलीकडची आपण मोजतो. ऑकलंडची कुणी मोजली? तिथे आपलीच माणसं आहेत, रविवारच्या वर्गणीला आपण त्यांना बरोबर मोजतो. मग ती घरं सा पाळतात की नाही, हे पाहायला आपण कुणाला पाठवलं? शंख तिथे ऐकू जात नाही. तर आता जाईल. डबे उघडे राहतील आणि सा ऑकलंडपर्यंत लागू होईल. इकडे काय किंवा तिकडे काय, फोन फक्त प्रार्थनेसाठी. मांडी घालून बसायचं. टीव्ही बंद. मध्ये कुणी हिंडला तर दंड."

त्याने काहीही मागे घेतलं नव्हतं. लेफाओंनी मान इतक्या घाईने हलवली की शेजारच्या मताईंना हसू आवरेना.

पहिला दंड ऑकलंडलाच झाला. रूताचा दीर प्रार्थनेच्या मध्यात कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात बर्गर घेऊन चित्रातून गेला. लुपेने दुसऱ्या दिवशी सभेला नाव सांगितलं आणि दंडाचं, डबाबंद माशांचं एक खोकं पुढच्या बोटीने आलं. ‘हा कसला कायदा, मी माझ्या घरात आहे,’ असा त्याचा निरोप होता. ‘घर कुणाचं?’ असं तालोसागाने उलट कळवलं.

सेमिसी ऑक्टोबरात आला. पांढरा शर्ट, कमरेला पांढरी लावालावा लुंगी, चेहराही तसाच पांढरा. चर्चमध्ये त्याच्याआधी तालोसागाचा नातू होता, गावातच वाढलेला, गेल्या वर्षी सगळ्यांत मोठ्याने हसलेला. तो दोन ओळी म्हणाला आणि अडकला. त्याने छताकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आजोबांनाही पुढची ओळ येत नव्हती.

"‘आणि वाऱ्याने त्याचं ऐकलं’," सेमिसी बाकावरून स्पष्ट सामोअनमध्ये म्हणाला. हे वचन थांब्यातल्या तिसऱ्या आजीने आपल्या सिडनीच्या नातीला इतक्या वेळा घोकवलं होतं की ऑकलंडलाही पाठ झालं होतं.

नातू पुढे म्हणाला, पुन्हा अडकला. सेमिसीने पुन्हा सांगितलं. मग त्याची स्वतःची पाळी आली. तो उभा राहिला, श्वास घेतला आणि सगळं म्हणून खाली बसला. मागच्या बाकांवरून हसू आलं नाही. लुपेने पंखा चेहऱ्यासमोर धरला होता, त्यामुळे ती रडली की नाही हे कुणी सांगू शकत नाही.

"पोरगं चांगलं बोलतं," बाहेर आल्यावर तालोसागा म्हणाला. "जरा मोठ्याने बोलतं."

त्या दिवशी पोरं आधी जेवतात आणि मोठी माणसं वाढतात. गावप्रमुख लेफाओ हातात टोपली घेऊन रांगेच्या शेवटी आले, तेव्हा सेमिसीचं ताट, नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांसकट, रिकामं झालं होतं.

"आजोबा," तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला, "पालूसामी संपलं वाटतं? मला दोन ठेवा म्हटलं होतं ना आजीने."

हे सामोअन त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लेफाओ पालूसामी आणायला स्वयंपाकघराकडे वळले.