मागं कोण बसतं

मागच्या टायरच्या कडेवर गोरखने खडूची जाड रेघ ओढली, खडू कानावर खोचला आणि हात झटकत तो उठला.

"काका, मावशी, आता तुमी दोगं मागं बसा."

"आम्ही कशाला?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

"वजन म्हनून."

"म्हणजे?"

"वाळूची पोती हायेत की माझ्याकडं. पन सायबांच्या शिटा खराब व्हतील. आन् पोतं काय, टाकलं की पडून ऱ्हातं. मानूस खड्ड्यात उडतो. टायर घासतो का न्हाई ते मानसानंच कळतं."

सौदामिनीबाईंना हसू आलं. तेहेतीस वर्षं त्यांनी भोरच्या शाळेत गणित शिकवलं होतं, पण कुणी त्यांना वाळूच्या पोत्याच्या बदली उभं केलं नव्हतं.

"बस गं आई, दोन मिनिटांचं काम आहे," अद्वय म्हणाला. तो चाकापाशी उकिडवा बसला होता. आल्यापासून तो तिथून उठलाच नव्हता.

गाडी निळी, दोन दारांची आणि इतकी बुटकी की दार उघडलं तरी वाकूनच आत डोकवावं लागे. पुढची सीट पुढे कलवून मागे शिरायचं. गंगाधरराव आधी शिरले आणि गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. सकाळी भोरच्या स्टँडवर घेतलेली भुईमुगाच्या शेंगांची पुडी अजून त्यांच्या हातात होती. त्यांच्यामागून सौदामिनीबाई शिरल्या, कापडी पिशवी छातीशी धरून.

"पिशवी दे, डिकीत ठेवतो."

"नको. नारळ आहे तिच्यात."

नारळ होता, खण होता, तांदूळ होते. चार झबली होती आणि सगळ्यात वर, चुरगळू नये म्हणून रुमालात बांधलेली, लाल काठाची कुंची. ती त्यांनी स्वतः शिवली होती. नातीला पाचवा महिना लागला होता. आज मार्गासनीला जाऊन तिला आणि शुभ्राला घरी आणायचं होतं. शुभ्राचं माहेर तिथलं. अद्वय पुण्याहून गाडी घेऊन नसरापुरात येणार, आईवडील भोरहून एसटीने येणार, गाडीचं अर्ध्या तासाचं काम उरकलं की इथूनच वेल्ह्याच्या रस्त्याने पुढे. तसं ठरलं होतं. शेजारच्या बाळाबाई चार वाजता भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहणार होत्या. बाळ उंबऱ्याबाहेर खोळंबायला नको.

गाडीसुद्धा गेल्याच महिन्यात आली होती. बाळाचा पायगुण, असं सौदामिनीबाईंनी गल्लीत चार घरी सांगून झालं होतं.

गोरखने पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून त्यावर पेनाने लिहिलं. काम घेतलं की तो असंच लिहायचा. पुठ्ठा वाऱ्याने उडत नाही.

*मागचं उजवं. नवीन चाक, रुंद टायर.*
*गाडी रिकामी – फट दोन बोटं.*
*माणसं बसवून –*

"नवं चाक जेवढं भाईर काढाल ना सायेब," तो अद्वयला सांगत होता, "तेवढी गाडी छाती काढून हुबी ऱ्हाती. बगाया येक नंबर. पन मग टायर मडगार्डाच्या लई जवळ जातो. चला, घ्या येक चक्कर."

अद्वयने गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्या गतिरोधकावर पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची चढली.

खर्र.

पाटीवर नख ओढावं तसा आवाज. सौदामिनीबाईंच्या दातांतून सणक गेली.

"अगं बाई! मोडलं का काही?"

"नाही गं. तेच तर बघायचंय."

परत येताना त्याच गतिरोधकावर पुन्हा खर्र. गंगाधररावांनी एक शेंग फोडली आणि ते म्हणाले, "आपलं वजन वाढलंय म्हणायचं." सौदामिनीबाईंनी त्यांना कोपर मारलं. जागाच अशी होती की कोपराखेरीज दुसरं काही हलत नव्हतं.

दुकानात आल्यावर गोरख आडवा झाला, मोबाईलचा उजेड पाडून त्याने चाकाच्या वर पाहिलं.

"हितं बगा. खडू पुसला. पार पुसला." तो बसता झाला. "आता तुमी मला येकच सांगा सायेब. मागं कोन बसतं? त्यावर टायर ठरतो. कुनी बसत आसंल तर ती दुसरी जोडी घ्या. चाक बोटभर आत जाईल, टायर थोडा बारीक. दिसाया जरा उन्नीस, पन मानसं भरून घाट चढा, आवाज न्हाई येनार. आन् कुनी बसत नसंल, तर हीच ऱ्हाऊ द्या. हिच्यासारखी दिसनार न्हाई दुसरी."

अद्वय मडगार्डाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"मागं कुणी बसणार नाही."

"आजचं नव्हं, म्होरलं इचारतो म्या. ल्हान पोराची शीट-बीट?"

"नाही. मागं कुणीच नाही. रुंदच ठेवा."

"मग हितं सही करा. उद्या टायर फाटला तर गोरख बोलला न्हवता म्हनाल."

गोरखने पुठ्ठ्यावर ओळ लिहिली आणि पेन पुढे केलं. अद्वयने गुडघ्यावर पुठ्ठा धरून सही केली. वाचलं नाही. थांबला नाही. हेच नुकतंच दुसरीकडे कुठेतरी लिहून दिलेल्या माणसासारखी सही केली.

*माणसं बसवून – घासतो.*
*मागं कुणी बसणार नाही.*

गणित चुकलं की बाई मुलांना म्हणत, खोडू नका. पहिल्या ओळीपासून पुन्हा.

पहिली ओळ. आपण बाळाला आणायला निघालो आहोत.

दुसरी ओळ. बाळ मागं बसतं. आईच्या मांडीवर नाहीतर आजीच्या, पण मागं.

तिसरी. मागं कुणी बसणार नाही.

मध्ये काय झालं? हातचा कुठला राहिला?

पुन्हा. पहिली ओळ. आपण बाळाला

पुन्हा. गोरख म्हणाला, ल्हान पोराची शीट. अद्वय म्हणाला, नाही. त्याला प्रश्न ऐकू आला नसेल. समोर हवेचा पंप चालू आहे. नाही, पंप बंद आहे. सगळं स्वच्छ ऐकू येतंय. रस्त्यावरून गेलेली एसटी. पलीकडच्या हॉटेलातला झारा. आणि इथे, अगदी कानाशी –

शेंग फुटल्याचा आवाज.

सौदामिनीबाईंनी मान वळवली. गंगाधररावांनी दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून साल उडवलं आणि दाणे तोंडात टाकले. मग दुसरी शेंग घेतली. त्यांची मान वर आली नाही. हात अडखळला नाही. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसाला दचकताना त्यांनी नेहमी पाहिलं होतं. कुकरच्या शिट्टीला दचकायचा. आत्ता तो दचकला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

शेंग फुटायची राहिली.

"तिथं गेल्यावर सगळ्यांसमोर नीट बोलणारच होतो," गंगाधरराव म्हणाले. "तुला उगाच आधीपासून त्रास नको म्हणून."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीत सौदामिनीबाईंनी शुभ्राला पैठणी पाठवली होती. निळी.

"आई, भांडण वगैरे काही नाही," अद्वय बाहेरून म्हणाला. तो अजून उकिडवाच होता, खिडकीच्या काचेत त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. "दोघांच्या संमतीने चाललंय. वकिलाकडचे कागद झालेत. आज तिच्या वडिलांकडे बसून शेवटचं बोलायचं, बस."

"आणि बाळ?"

"तिच्याकडे राहील. महिन्यातून दोन रविवार मी घेऊन जाईन."

"कुठे बसवून?"

काचेतलं कपाळ खाली गेलं. गोरखने पाना उचलला, आधीच घट्ट असलेला एक नट आणखी घट्ट केला, मग त्याला दुकानाच्या आत काहीतरी काम आठवलं.

"दार उघड," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"आई, ऐक तर –"

"सीट पुढे कर. मला उतरू दे."

उतरायला वेळ लागला. आधी पिशवी बाहेर आली, मग एक पाय, मग दाराच्या चौकटीला धरलेला हात. त्यांचं वजन उतरलं तशी गाडी त्या बाजूने हलकी झाली आणि वर आली. टायर आणि मडगार्ड यांच्यात फट दिसू लागली. गोरख आतून बाहेर येत होता, सवयीने बोलून गेला, "हां, आता सुटला बगा." आणि मग त्याने जीभ चावली.

पत्र्याच्या सावलीत, रचलेल्या जुन्या टायरांपाशी उभं राहून त्यांनी शुभ्राला फोन लावला. गेले दोन महिने शुभ्रा मोजकं बोलायची. हो आई. बरी आहे आई. बाळ उठलंय, ठेवते. बाळामुळे वेळ मिळत नसेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"बोला आई," शुभ्रा म्हणाली. आवाज कोरडा होता.

"शुभ्रा, मला आत्ता कळलं."

"काय?"

"सगळं. आत्ता, इथे. टायरच्या दुकानात."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग लांबवर बाळाचा हुंकार.

"आई, असं कसं?" शुभ्राचा आवाज हळू झाला. "अद्वय म्हणाला होता, तुमच्याशी बोलणं झालंय. आईचं म्हणणं आहे, नसेल पटत तर ओढून धरू नका. हे तुमचेच शब्द म्हणून सांगितले त्याने. माझ्या बाबांसमोर."

सौदामिनीबाईंनी टायरांच्या चळतीला हात टेकवला. रबर पत्र्याखाली तापलं होतं. हात त्यांनी काढला नाही.

नसेल पटत तर ओढून धरू नका. वाक्य चांगलं होतं. त्यांच्याच बोलण्याच्या धाटणीचं होतं. ते ज्याने जुळवलं त्याला त्या कशा बोलतात ते पक्कं ठाऊक होतं. आपण न बोललेलं, आपल्याच आवाजातलं हे वाक्य दोन महिने मार्गासनीच्या त्या घरात बसून होतं. त्या घरातली पोर म्हणूनच फोन ठेवत होती.

"मी असं बोलले नाही," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं..." शुभ्राने वाक्य तोडलं. "पण आई, मी आता परत नाही येणार हो. तुम्ही कितीही म्हणालात तरी."

"नको येऊस."

आपण हे बोललो हे ऐकून त्या स्वतःच दचकल्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "माझी मी. कुंची आणलीये, ती तरी घालून बघू."

मागे अद्वय उभा होता. उजव्या हाताच्या बोटांना खडू लागला होता, तो पँटला पुसत होता.

"आई, टायर चढले की निघूच ना आपण. अर्ध्या तासाचं काम. एकत्र गेलो तर बरं दिसेल."

"दिसेल," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय मान्य आहे मला?"

त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. खडूचा हात. त्याला पहिला 'अ' गिरवायला लावला तेव्हा याच बोटांवर त्यांनी आपला हात ठेवला होता. त्यांना त्याला मारावंसं वाटलं. मग तेही वाटेनासं झालं. नुसताच खडू दिसत राहिला.

गंगाधरराव गाडीतच होते. त्यांना एकट्याला बाहेर पडता येत नव्हतं. मागच्या काचेतून त्यांनी हात केला, थांब की ये, काहीही असेल. सौदामिनीबाई वेल्ह्याच्या फाट्याकडे चालू लागल्या.

वडापची जीप निम्मी भरली होती. ड्रायव्हर गेनू दारात उभा राहून ओरडत होता, "आंबवणे, मार्गासनी, येल्हे! चला, चला, निगाली!" निघायचं त्याच्या मनात नव्हतं.

"मार्गासनी," त्या म्हणाल्या.

"बसा मागं, मावशी. येकट्याच?"

त्यांनी मान हलवली. मागच्या बाकावर एक म्हातारा कोयता पोत्यात गुंडाळून बसला होता, शेजारी दोन बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन. सौदामिनीबाई टोकाला बसल्या. फोन काढून त्यांनी बाळाबाईंना लावला.

"निघालात का?" बाळाबाईंनी विचारलं. "भाकर थापायला घेऊ?"

"आज नका थांबू दारात."

"का हो? बाळ बरं आहे ना?"

"बाळ बरं आहे," त्या म्हणाल्या. एवढं एकच त्यांना नक्की माहीत होतं. "मी रात्री सांगते."

गेनूने आणखी माणसं आणली. आठ झाली, अकरा झाली. मग त्याने मागे डोकं घातलं.

"मावशी, सरका की वाईच. अजून दोगं बसत्यात हितं."

"कुठं बसतायत रे?" पिशवीवाली एक बाई खेकसली. "आमच्या डोक्यावर?"

"बसत्यात, बसत्यात. आपल्या गाडीत बसत न्हाई आसं व्हत न्हाई."

सौदामिनीबाई सरकल्या. पिशवी मांडीवर घेतली, कुंचीचा रुमाल वर ठेवला, वर दोन्ही हात. दोघं नाही, तिघं चढले. एकाने आपलं लहान पोर विचारल्याशिवाय त्यांच्या गुडघ्याला टेकवून उभं केलं.

जीप निघाली. पहिल्याच गतिरोधकावर मागचं चाक मडगार्डाला घासलं.

खर्र.

सौदामिनीबाई दचकल्या, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.