बिनओट्याचं दार

सायकलवर बसलेला उकंडराव पंचविशीतला गडी दिसायचा आणि खाली उतरला की त्याच गड्याचा आजा. उजव्या गुडघ्यात वात मुक्कामाला आला होता. सीटवर बसून पायडल मारलं की गुडघा मोकळा व्हायचा, पण त्याच पायावर अंगाचा भार पडला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून उतरायला त्याला ओटा लागायचा. ओट्याला सायकल लावायची, डावा पाय टेकायचा आणि उजवा सावकाश सोडवून घ्यायचा. आसपासची गावं त्याला ओट्यांवरून पाठ होती.

दुखणं त्यानं बाहेर फुटू दिलं नव्हतं. लेक विजयमाला लग्नाला आलेली. बापाला वात आहे म्हटल्यावर लोक लेकीचेही गुडघे तपासायला कमी करणार नाहीत. त्याच्या हळू चालण्याला लोक रुबाब म्हणत आणि तो म्हणू देई.

सुपारी फोडायला अनसिंगला निघायच्या सकाळी बायको चतुराबाई म्हणाली, "सगळ्यायसंगं बैलबंडीत बसा न."

"बंडीच्या दचक्यानं गुडघा बोंबलते. अन् जगदेवरावच्या दारात ओटा हाय. मागच्या खेपेले पाह्यला म्या."

"पोरगं पाह्याले गेलते का ओटा?"

"दोनी," म्हणत स्वारी घरच्या ओट्यावरून निघाली.

अनसिंगला मुलाचा बाप जगदेवराव पाय धुवायचा तांब्या घेऊन दारात उभा होता, शेजारी गावातली जाणती मंडळी. फक्त ओटा तेवढा नव्हता. उकंडरावनं हसून रामराम घातला आणि अंगणात एक फेरी मारली. भिंतीला काट्यांचं कुंपण, निंबाला म्हैस बांधलेली; पाय टेकायला जागा कुठेच नाही. त्यानं आणखी एक फेरी मारली. जाणत्यांपुढे सायकलवरून न उतरणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अपमान, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. जगदेवरावचं हसू मावळलं.

"पाव्हने, आमच्या दारात उतराचं नाही काय?"

"ओटा कुठी गेला?"

"पाडला. गावातले रिकामटेकडे दिवसभर बसून राह्यत. आता या दारात ओटा होनार नाही, सांगून ठेवलं म्या सगळ्यायले. पन तुमाले ओट्याशी काय करनं हाय?"

गप्प राहिलं तर गर्विष्ठ, बोललं तर रोगी. सोयरीक दोन्हीकडून बुडणार होती. उकंडराव पुन्हा वळला आणि जगदेवरावच्या समोरून जाता जाता म्हणाला, "मले उतरता येत नाही. गुडघ्यात वात हाय." तोवर सायकल पुढे गेली. राहिलेलं सांगायला त्याला आणखी एक फेरी घ्यावी लागली. "पोरीचे गुडघे चांगले हायेत जगदेवराव. पाह्यजे तं वावरात पळवून पाहा."

जगदेवरावनं तांब्या खाली ठेवला, पुढे होऊन हँडल धरलं आणि आपला खांदा वाकवला. उकंडरावनं त्यावर सगळा भार टाकला आणि कण्हत उतरला.

"पयलेच सांगाचं न," जगदेवराव पुटपुटला. "मले वाटलं, आमचं घर पसंत नाही तुमाले."

तेवढ्यात बंडी आली. नवऱ्याचा हात व्याह्याच्या गळ्यात पाहून चतुराबाईनं हसू पदराआड घेतलं. सुपारी फुटली. मग एका जाणत्यानं लग्नाच्या तारखेचा विषय काढला.

"तारीख मंग काढू," जगदेवराव म्हणाला. "पयले दारात ओटा बांधा लागते."