असतील तिथून काढ

श्रीरामपुरातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मोनिका नोकरीला लागली, तेव्हा प्रत्येक खात्याचा कॉम्प्युटर वेगळा होता. नोंदणीचा एक, लॅबचा एक, औषधांचा एक, एक्स-रे आणि सीटी स्कॅनचा आणखी एक. उन्हाळ्यात त्यातला एखादा तरी तापून बंद पडायचा आणि खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत जायची. मोनिकाने ते सगळे कॉम्प्युटर हलवून एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात बसवले. लोखंडाचा डबा एक, पण त्याच्या आत प्रत्येक खात्याचं आपापलं मशीन. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, एक बिघडलं तरी बाकीची चालू. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. रांग कमी झाली एवढं मात्र कळलं.

कळलं तिच्या वडिलांना, आपल्या परीने. सहादेव पुणतांब्याहून छातीच्या तपासणीला यायचे. साखर कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस, खोकला कायमचा जडलेला. रांगेत बसले की शेजारच्याला गाठायचे. "हितलं समदं माझी पोरगी चालवती. तुमचा कागद हरवला तरी तिच्याकडं ऱ्हातो." मोनिकाला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. आधीच्या स्कॅनच्या फिल्मांचं जाडजूड पाकीट ते दर खेपेला पिशवीत घालून आणत. शेवटी तिनेच सांगितलं, "अण्णा, कशाला वागवताय ते? सगळं सर्व्हरवर आहे." पुढे हॉस्पिटलने फिल्मा देणंच बंद केलं. तीही तिचीच सूचना होती. घरातलं जुनं पाकीट पावसाळ्यात चिकटून खराब झालं, ते तिच्या आईने, मालनबाईंनी, चुलीत घातलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला वेगळं यंत्र हवं होतं. मोनिकाने तीनदा मागितलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. तोवर ते तुमचं स्नॅपशॉट की काय, ते घेत राहा." स्नॅपशॉट म्हणजे मशीन आत्ता जसं आहे तसं गोठवून ठेवायचं आणि पुढचं सगळं नव्या फाईलीत लिहायचं. पण नवी फाईल जुनीच्या खांद्यावर उभी असते. खालची काढली की वरची कोसळते. ही दुसरी प्रत नव्हे, हे मोनिकाला पक्कं ठाऊक होतं. तरी चौथ्यांदा ती बोलली नाही. भांडायचा कंटाळा आला होता.

हाताखाली दिला होता आदिनाथ, सेक्रेटरीसाहेबांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता. वही घेऊन मागे मागे फिरायचा, "मॅडम, हे असंच का?" म्हणून विचारायचा. मोनिका त्याला बटणं दाखवायची. का ते सांगायची नाही. याला सगळं आलं की आपली खुर्ची गेली, हे तिने मनाशी धरलं होतं. साहेबांचा भाचा आणि कारखान्यातल्या कामगाराची पोर, यांत खुर्ची कुणाला मिळते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिसगावला मावसबहिणीचं लग्न होतं. भंतेंची मंगल मैत्री म्हणून झाली, जेवणं सुरू झाली, बँड ऐन रंगात आला, तेवढ्यात आदिनाथचा फोन.

"मॅडम, जागा संपली म्हणतोय सर्व्हर. सगळी मशीनं थांबलीत. रांग वाढलीय, मामा ओरडतायत."

मोनिका मंडपाबाहेर आली, कानावर हात धरून ओरडली, "जुने स्नॅपशॉट काढून टाक."

"कुठून काढू?"

"अरे, असतील तिथून काढ!"

आणि तिने फोन ठेवला.

स्नॅपशॉट काढायचे ते सर्व्हरच्या प्रोग्राममधून. तो आधी जुनं-नवं एकत्र करतो, मग काढतो. त्याला वेळ लागतो, पण काही हरवत नाही. हे आदिनाथला कुणी सांगितलं नव्हतं. तो थेट फोल्डरमध्ये गेला आणि तारखेने जुन्या दिसल्या त्या मोठमोठ्या फाईली पुसून मोकळा झाला. जागा झाली, बाकीची मशीनं सुरू झाली, मामांनी पाठ थोपटली. फक्त स्कॅनचं मशीन उठेना; पुसलेल्या फाईली त्याच्याच होत्या. मोनिका दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो तळाची फाईलच गेलेली. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इतर मशीनं रात्रभर लिहीत बसलेली. पुण्याहून माणसं आली, डिस्का घेऊन गेली, परत आणून दिल्या. म्हणाली, "यावरून नवं लिहिलं गेलंय. आता काही मिळणार नाही."

चौकशीला सगळे बसले. आदिनाथ खाली मान घालून म्हणाला, "मॅडमनी सांगितलं तसं केलं. 'असतील तिथून काढ' म्हणाल्या." तो खोटं बोलत नव्हता, हीच अडचण होती. मोनिकाने दुसऱ्या यंत्राची गोष्ट काढली. साहेबांनी एवढंच विचारलं, "त्याला नीट शिकवणं तुमचं काम होतं का नव्हतं?"



त्याच आठवड्यात सहादेव तपासणीला आले. दालन लोकांनी भरलेलं. कुणाचे वर्षावर्षाचे स्कॅन गेलेले, कुणाला पुन्हा पैसे भरा म्हणत होते. मोनिका वायरचं बंडल घेऊन जिन्यात आली आणि तिथेच थांबली.

"कोन ती कॉम्प्युटरवाली बाई हाय म्हनं," एक म्हातारी सांगत होती. "लग्नाला गेल्ती नाचायला. हितं आमचं समदं पुसून टाकलं."

"असल्यांला जोड्यानं मारलं पायजे," दुसरा म्हणाला. मग सहादेवांकडे वळला, "काय वं, बाबा?"

सहादेवांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जिन्यातली लेक त्यांना दिसली होती. ते म्हणाले, "व्हय." आणि भिंतीकडे बघत बसले.

छातीच्या डॉक्टरांना नव्या स्कॅनमध्ये डाग दिसला. जुना स्कॅन समोर असता तर डाग वाढलाय की पहिल्यापासून तेवढाच आहे, हे तिथल्या तिथे कळलं असतं. तो नव्हता. म्हणून सुई घालून तुकडा काढायचं ठरलं. सुई घालताना फुफ्फुसाला भोक पडलं. बरगड्यांत नळी घालावी लागली. सहादेव तीन आठवडे खाटेवर होते. रिपोर्ट आला: जुन्या क्षयाचा वण, घाबरण्यासारखं काही नाही. मालनबाईंनी पदराने डोळे पुसले, "सुटलो गं बाई." पण त्यानंतर सहादेवांना ओसरीवरून रस्त्यापर्यंत चाललं तरी दम लागायचा.

एका दुपारी खाटेशी बसून मोनिका म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही 'व्हय' म्हणालात."

"मंग काय म्हनू? लोक तापल्यालं हुतं."

"बरोबरच केलंत."

"बरोबर-चूक मला न्हाई कळत," ते दम घेत म्हणाले. "तुझी चूक हुती का न्हवती, ते सांग."

"अर्धी होती."

"मंग अर्धंच लागलं मला," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. ते थट्टेने म्हणाले की कसं, हे तिला चेहरा न दिसल्यामुळे कळलं नाही.

तिला काढलं नाही. नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. सर्व्हरची खोली आदिनाथकडे गेली, आणि महिन्याच्या आत तिने मागितलं होतं ते दुसरं यंत्रही आलं. नारळ सेक्रेटरीसाहेबांनी फोडला.

पावसाळा सरता सरता आदिनाथ खिडकीशी आला. आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, लॅबच्या मशीनचे स्नॅपशॉट एकत्र करायला टाकलेत. सकाळपासून चाललंय, मशीन रेंगाळतंय. मामा म्हणतात बंद कर. मध्येच थांबवलं तर चालेल?"

मोनिकाच्या जिभेवर आलं होतं: मला काय विचारतोस, असेल तिथून बंद कर. समोर रांगेत एक बाई पोराचा रक्ताचा कागद घट्ट धरून उभी होती.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "सर्व्हर बंद करू नकोस, फाईलींना हात लावू नकोस." मग का ते सांगितलं, जुनं-नवं कसं जोडलं जातं, मध्येच तुटलं तर काय होतं, सगळं. आदिनाथने खिशातून वही काढून उभ्या उभ्या लिहून घेतलं.

"हे तेव्हाच सांगितलं असतं तर, मॅडम," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. वही मिटून तो जिना चढून गेला.

मोनिकाने त्या बाईच्या हातातला कागद घेतला आणि पोराचं नाव विचारलं.