पाठमोरा म्हातारा

भानुदासरावांचा माणसांवर विश्वास बेताचाच, पण लॅमिनेशनवर पुरा. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला लेकीकडे येताना त्यांनी बॅगेत जवसाच्या चटणीशेजारी लॅमिनेशनचं मशीन कोंबून आणलं होतं. ते बघून समता हसली होती. गुरुवारी दुपारी घरी आली आणि ते हसू कायमचं गेलं.

टेबलावर तिचा म्हातारा पडला होता. चारशे वर्षांपूर्वी कुणा डच चित्रकाराने पिसाच्या लेखणीने काढलेला. पाठमोरा, काठीवर रेललेला, एक जोडा फाटका. शेजारच्या योहानाबाईंच्या घरी असे बारा कागद त्यांच्या आजोबांपासून जपलेले, आणि समताचा प्रबंध नेमका त्या काळच्या शाईवर. सहा महिने बाईंची पाणचट कॉफी पिऊन तिने हा एक कागद मिळवला होता. हा नीट परत आला की बाकीचे अकरा, असं ठरलेलं. शुक्रवारी प्रयोगशाळेत न्यायचा म्हणून तिने तो कपाटात ठेवला होता. आता म्हातारा चकचकीत प्लास्टिकमध्ये होता, एखाद्या ओळखपत्रासारखा.

"कडा झिजल्या होत्या बघ," शाबासकीची वाट बघत भानुदासराव म्हणाले. "आता पाण्यात टाक, काही होत नाही."

"बाबा, माझं कपाट का उघडलंत?"

"कुलूप कुठं होतं त्याला?"

समताचा आवाज खाली आला. ती खरी तापली की असंच होई. "ही मायफळाची आणि लोखंडाची शाई आहे. ती आधीच कागद खाते. तुम्ही तिला कागदासकट आत कोंडलंत. आणि हे प्लास्टिक काढायला गेलं तर रेघाही त्याच्याबरोबर निघतील."

"तुझ्या जातपडताळणीला आजोबांचा एकसष्ट सालचा दाखला चालला, तो कशामुळं? लॅमिनेशनमुळं. काकाचा उंदरांनी खाल्ला. त्याची पोरगी अजून खेटे घालते."

हे खरं होतं. म्हणून तर तिला जास्त चीड आली.

"चला," ती म्हणाली. "बाईंना सांगायचंय."

"मी सांगतो. चूक माझी ना?"

"तुम्ही गप्प उभे राहा. तेवढं जमलं तरी पुष्कळ."

ते त्यांना जमलं नाही. दार उघडताच ते पुढे सरले. "मॅडम, आय डिड. माय डॉटर, नो फॉल्ट."

योहानाबाईंनी प्लास्टिक दोनदा उलटसुलट करून पाहिलं. भानुदासरावांकडे त्यांनी बघितलंच नाही. "तू म्हणाली होतीस, तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही," त्या समताला म्हणाल्या. कॉफी विचारली नाही. अकरा कागदांचं नावही निघालं नाही. दार अगदी अलगद लागलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येताच समताने मशीन उचललं आणि तरातरा कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी गेली. पेटीवर चित्रासकट पाटी होती: विजेची उपकरणं इथे टाकू नयेत. ती नगरपालिकेच्या केंद्रावर नेऊन द्यायची, आणि तिला तर शनिवारशिवाय सवड नव्हती. नियम मोडायची तिची फार इच्छा होती. पण समोरच्या खिडकीतून कुणीतरी बघत होतं.

मशीन काखेत मारून ती परत आली आणि तिने ते जेवणाच्या टेबलावर मधोमध आदळलं. भानुदासरावांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," ती म्हणाली.

शनिवारपर्यंत ते तिथेच राहिलं. बाप-लेक त्याच्या दोन बाजूंना ताटं घेऊन बसत. भाजीत मीठ कमी पडलं, पण कुणी कुणाकडे मागितलं नाही.